वीतभर बाई

गुडघ्यांमुळे यांना खाली बसता येत नाही. घरच्या पूजेलाही हे पाट न घेता स्टूल घेतात. पण पॉम्पेईच्या एका अरुंद रस्त्यावर, दुपारच्या उन्हात, हातातली पाण्याची बाटली माझ्याकडे देऊन हे हळूच खाली बसले आणि रस्त्याच्या दगडांतून गेलेल्या लांबलचक खाचेत त्यांनी बोटं घातली. बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली. मग तिला समांतर जाणारी दुसरी खाच त्यांनी चाचपून पाहिली.

"चाकोरी आहे गं," वर न बघता हे म्हणाले. "खरी चाकोरी."

आयुष्यभर मी हा शब्द वापरला. मुलांच्या निबंधांच्या वह्यांत ‘चाकोरीबाहेरचा विचार’ असा शेरा लाल शाईनं कितीदा लिहिला. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी पाडलेली घळ, हे माहीत नव्हतं असं नाही. आमच्या शेताच्या वाटेवर ती दरवर्षी पावसाळ्यात चिखलात उमटायची, उन्हाळ्यात वाळून खडकासारखी व्हायची, आणि मृगाच्या पहिल्या सरीत पुन्हा विरघळून जायची. इथली मात्र विरघळलेली नव्हती. लोखंडी धाव चढवलेली चाकं पिढ्यान्‌पिढ्या त्याच रेषेवरून गेली आणि ज्वालामुखीच्या काळ्या दगडात त्यांनी आपली वाट कोरून ठेवली. इ.स. ७९ मध्ये एका दिवशी शेवटची गाडी गेली आणि त्यानंतर सतराशे वर्षं त्या रस्त्यावर ऊनसुद्धा पडलं नाही.

आमची लेक म्युनिकला असते. तिच्याकडे दोन महिन्यांसाठी गेलो होतो, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर तिनं आम्हाला अडीच दिवस नेपल्सला पाठवलं. तीही येणार होती, पण ऐनवेळी कामामुळे राहिली. लग्नाला अडतीस वर्षं झाली, तरी आम्ही दोघंच असे कुठं गेलो नव्हतो. कधी सासूबाई बरोबर असत, कधी मुलं, कधी यांच्या पाटबंधारे खात्यातली दोन-चार कुटुंबं. विमानात बसल्यावर पहिला तासभर काय बोलावं तेच दोघांना कळेना.

रोम नाही, व्हेनिस नाही, नेपल्सच का, असं लेकीनं विचारलं होतं. माझं कारण वीतभर उंचीचं होतं.

भोकरदन माझं माहेर. आता ते जालना जिल्ह्यात येतं, माझ्या लहानपणी औरंगाबाद जिल्ह्यात होतं. केळना नदीच्या काठी गाव आणि गावाला लागून पांढर. मराठवाड्यात पांढर म्हणजे माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहून गेलेली जागा. चुलींची राख, पडलेल्या भिंती, सारवणाचे थर एकावर एक साचून तिथल्या मातीचा रंगच बदलतो. काळी पिकवते आणि पांढरी वसवते, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगत. घराच्या धाब्यावर टाकायला लोक तिथूनच माती आणायचे. त्या मातीत मणी सापडायचे, खापरं सापडायची. मणी आम्ही मुली दोऱ्यात ओवायचो.

१९७३ साली मी अकरा वर्षांची होते. बहात्तरच्या दुष्काळाचं सावट घरावर होतंच. वडील आणि काका खडी फोडायच्या कामावर जात. शाळेत सुकडी मिळे, घरी मिलोची लालसर भाकरी. अशात पांढरीवर वेगळंच खोदकाम सुरू झालं. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून काढलेलं ते उत्खनन होतं, डॉ. देव आणि डॉ. गुप्ते यांच्या देखरेखीखालचं. दोऱ्या बांधून आखलेले चौकोनी खड्डे, आणि त्यांत वाकून ब्रशनं माती झाडणारी माणसं. गावाबाहेर पाण्यासाठी आणि पोटासाठी कुदळी चालत होत्या, आणि इथं कोणीतरी मातीला दुखू नये इतक्या हलक्या हातानं तिला बाजूला करत होतं. आम्ही काठावर उभं राहून बघायचो. मला वाटतं, मी पुढं इतिहास शिकवायला घेतला तो त्या खड्ड्याच्या काठावरून.

तिथं हस्तिदंताची एक बाई सापडली. पूर्ण नव्हे, खालचाच भाग. पायांत तोडे आणि दोन्ही अंगांना एकेक छोटी दासी. ती मी तेव्हा पाहिली नाही. बी.एड.च्या वर्षी ग्रंथालयात त्या उत्खननाचा अहवाल हाती आला, तेव्हा कळलं की या बाईची जवळजवळ जुळी वाटावी अशी एक बहीण इटलीत आहे, अख्खी. पॉम्पेईच्या राखेखाली ती १९३८ साली सापडली होती, आमच्या अर्ध्या बाईच्या पस्तीस वर्षं आधी. तेरलाही अशीच एक निघाली आहे, ती तिथल्या लामतुरे संग्रहालयात मी शाळेची सहल नेऊन पाहिली. राहिली होती ती तिसरी.

पॉम्पेईला आम्ही नेपल्सच्या गारिबाल्डी स्टेशनवरून लोकलनं गेलो. डब्यात खिडक्या उघड्या, माणसं दाटीवाटीनं उभी, भाजीच्या पिशव्या मांडीवर. डाव्या हाताला सबंध वाटभर वेसुवियस. तो मला पहिल्या नजरेला डोंगर वाटलाच नाही, इतका उतरता आणि शांत. पायथ्यापासून बऱ्याच वरपर्यंत घरं आणि बागा. १९४४ साली तो शेवटचा उसळला. म्हणजे आमच्या आईच्या लहानपणी.

वेशीतून आत शिरलो आणि पायाखाली काळा दगड आला. यांनी चपला काढून त्यावर पाय ठेवला असता तर मला नवल वाटलं नसतं. आमची सगळी हयात काळ्या दगडावर गेली: पाटा-वरवंटा, जातं, विहिरीचं बांधकाम, देवळाच्या पायऱ्या, यांच्या खात्याची सगळी पिचिंगची कामं. दख्खनचा दगडही ज्वालामुखीचाच, पण साडेसहा कोटी वर्षांचा, थंड होऊन विसरून गेलेला. इथला अजून आपल्या आईच्या नजरेसमोर आहे.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच पदपथ, आणि अधूनमधून रस्ता ओलांडायला तीन-तीन उंच दगड रांगेत मांडलेले. पाण्यातून नदी ओलांडावी तसं एकावरून दुसऱ्यावर पाय टाकत जायचं. दगडांमधल्या फटींतून गाडीची चाकं जात. हे असं का, ते यांनी मला सांगितलं, माहितीच्या फलकानं नव्हे. चौकाचौकात दगडी पाटांचे हौद आहेत, तोटीशी कोरलेला चेहरा. सबंध गावात असे चाळीसेक. तोटी बंद नसायची, पाणी सतत वाहायचं, हौद भरला की रस्त्यावर यायचं आणि गाव धुऊन उताराला लागायचं. पाणी डोंगरातल्या सेरिनोच्या झऱ्यांपासून कालव्यानं यायचं, वेसुवियसच्या बाजूच्या वेशीपाशी, गावातल्या सर्वांत उंच जागी, विटांच्या एका घरात वाटलं जायचं, आणि तिथून शिशाच्या नळांनी खाली. उतार जास्त म्हणून नळात दाब जास्त. तो मोडायला जागोजागी उंच खांब उभारून त्यावर टाक्या ठेवलेल्या. हे एका खांबासमोर इतका वेळ थांबले की मागून येणारी शाळेची पोरं वळसा घालून गेली.

"हे आपण पंपांनी करतो," हे म्हणाले. "यांनी नुसत्या उतारावर केलं."

त्यांच्या आवाजात मी हा सूर फार कमी वेळा ऐकला आहे. चौतीस वर्षं या माणसानं पाणी वाटलं. शेवटच्या चारीपर्यंत पाणी पोचलं नाही की शेतकरी घरी येऊन बसत आणि हे न जेवता त्यांच्याबरोबर निघत. मी त्यावरून किती भांडले असेन. त्या हौदाशी आल्यावर मला एक गोष्ट दिसली आणि ती मी त्यांना दाखवली. तोटीच्या दोन्ही अंगांना दगडाची कड आत गेलेली होती, बशीसारखी गुळगुळीत. पाणी प्यायला वाकताना माणसं जिथं हात टेकवायची तिथं. उजवीकडची जास्त झिजलेली. मी माझा हात ठेवला, तो बरोबर बसला. मग यांनी ठेवला.

त्या कडेवर हात ठेवल्यावर पॉम्पेई माझ्यासाठी अवशेष राहिलं नाही. नंतर जे जे पाहिलं ते एखाद्या नातेवाइकाच्या घरी, मंडळी बाहेर गेलेली असताना, दार उघडं सापडून आत गेल्यासारखं पाहिलं. ओट्यात पुरलेले मोठाले रांजण असलेली खाणावळ, रस्त्याकडे तोंड करून. दुपारी घरी चूल पेटवायची सोय नसलेली माणसं तिथं उभ्यानं जेवत. बेकरीतली उंच जाती, वाळूच्या घड्याळासारखी कमरेत बारीक; गाढवं त्यांना फिरवत. अशा एका भट्टीत ८१ पाव तसेच सापडले, जळून कोळसा झालेले पण आकार न मोडलेले. पावावर आधीच आठ भागांच्या खुणा. चतकोराचाही अर्धा. कोणाला किती द्यायचा हे भाजण्याआधी ठरलेलं. आणि घराघरातून देवघर! भिंतीत कोनाडा, त्यात घरच्या देवांची चित्रं, खाली वळवळत येणारा नाग. नाग पाहून मी नकळत हात जोडले. आमच्याकडे पंचमीला भिंतीवर गेरूनं काढतात तसाच, डोक्यावर तुरा तेवढा निराळा.

एका मोठ्या घराच्या उंबऱ्यापुढं रंगीत दगडांनी लॅटिन अक्षरं काढली आहेत, ‘हावे’. या, सुखरूप असा, असा काहीसा अर्थ. रोज सकाळी पुसून नवी काढावी लागत नाही अशी रांगोळी.

पळालेल्यांची बाग गावाच्या दक्षिण टोकाला आहे. तिथं जायचं नाही असं मी मनात ठरवलं होतं, पण पाय तिकडंच गेले. काचेमागं तेरा जण. खरं तर ही माणसं नाहीत, माणसांच्या जागा आहेत. राख त्यांच्याभोवती घट्ट झाली, आतलं शरीर काळानं संपलं आणि शरीराएवढी पोकळी तेवढी उरली. जुझेप्पे फियोरेल्ली यांनी १८६३ साली अशा पोकळ्यांत पातळ प्लास्टर ओतायची रीत काढली. ते सुकल्यावर भोवतीची राख काढली की शेवटच्या क्षणीचा माणूस समोर येतो. कोणी कोपरावर उठायचा प्रयत्न करतोय. लहान मुलं आहेत. त्यांच्याकडं मी पाहू शकले नाही, मी झाडांकडं पाहत राहिले.

हे मात्र पाहत होते. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा यांना पाणीपुरवठ्याच्या कामावर तिकडं पाठवलं होतं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून दमून झोपलेली गावं, आणि दगडामातीच्या दोन-दोन हात जाड भिंती. हे दीड महिन्यानं घरी आले. काय पाहिलं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. धाकट्याला कुशीत घेऊन निजत आणि रात्री उठून बसत, एवढं मला माहीत. त्या काचेपुढं, एकतीस वर्षांनी, हे म्हणाले, "एक बाई अशीच होती. हात असा डोक्यावर. खाली पोरगं. पोरगं जिवंत निघालं." थोड्या वेळानं म्हणाले, "आम्ही आधी पाणी चालू केलं. बाकी काही सुचतच नव्हतं."

मी त्यांचा हात धरला. रस्त्यावर, चारचौघांत, पहिल्यांदाच असेल.

पॉम्पेईलाही आधी भूकंप झाला होता, इ.स. ६२ मध्ये. डोंगराचा तो इशारा होता, पण तेव्हा तो डोंगर धगधगणारा आहे हे कोणाच्या मनात नव्हतं. सतरा वर्षांनी राख पडली तेव्हाही दुरुस्त्या संपल्या नव्हत्या. नळांसाठी रस्ते खणलेले, गिलाव्याचे ढीग रचलेले. म्हणजे या माणसांनी एकदा सगळं पडलेलं पाहिलं होतं आणि तरी ती परत भिंती रंगवत होती. पूर्वी ही तारीख २४ ऑगस्ट धरत. २०१८ साली एका घराच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेली ओळ सापडली, तिच्यावर ऑक्टोबरच्या मध्याची तिथी आहे. डाळिंबांचे आणि जाड लोकरी कपड्यांचे अवशेषही शरद ऋतूच सांगतात. आम्ही गेलो तेव्हा ऑक्टोबरच होता. एका अंगणात डाळिंबाचं झाड फळांनी वाकलेलं होतं.

थोरला प्लिनी या संकटात गेला. मिसेनमच्या आरमाराचा तो प्रमुख. पाईनच्या झाडासारखा आभाळात उठलेला ढग पाहून जहाजं घेऊन निघाला, आधी बघायला आणि मग माणसं वाचवायला, आणि स्टेबियाच्या किनाऱ्यावर गुदमरून मेला. सतरा वर्षांचा भाचा आईजवळ अभ्यास करत मागं राहिला, म्हणून आपल्याला ती हकीकत मिळाली. पुढं बऱ्याच वर्षांनी इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या दोन पत्रांतून. या प्लिनीला मी वर्गात दरवर्षी भेटायचे. रोमचा किती पैसा पूर्वेकडे जातो याचा हिशोब मांडणारा तोच: एकट्या हिंदुस्थानकडे वर्षाला पाच कोटी सेस्टर्स. काळी मिरी चार दिनार पौंड, आणि तिच्यात तिखटपणाखेरीज आहे तरी काय, असं तो चिडून विचारतो. मुलांना हे फार आवडायचं. आपल्या आजीच्या मसाल्याच्या डब्यासाठी रोमचं सोनं यायचं म्हणून वर्ग खूश व्हायचा. पण वर्गात मला हे कधी जाणवलं नव्हतं की ज्या राखेनं त्या हिशोबनिसाचा श्वास बंद केला, त्याच राखेनं काही मैलांवर आमच्याकडच्या एका बाईला पांघरूण घातलं.

तिचं घर एका मोठ्या रस्त्यावर आहे. हौदावरच्या एका बाईच्या हातात समृद्धीचं शिंग कोरलेलं आहे, त्यावरून त्या रस्त्याला ‘विपुलतेचा रस्ता’ म्हणतात. घर मोठं नाही. दाराला जाळी होती, आत जाता आलं नाही. अभ्यासकांनी त्या घराला नावच दिलं आहे, भारतीय मूर्तीचं घर. जाळीतून ओसरीचे खांब आणि थोडं गवत दिसत होतं. मी दाराशी उभी राहून तिच्या वाटेचा हिशोब करत होते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वहीत, ‘पेरिप्लस’मध्ये, पैठण आणि तेर ही नावं आहेत, तिथला माल रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांत घालून भडोचला आणतात असं तो लिहितो. भडोचहून परदेशी जाणाऱ्या मालात हस्तिदंत आहे. तिकडून येणाऱ्या मालात द्राक्षाची दारू आहे, आणि ती इटलीची असली तर जास्त चांगली. नेवाशाला त्या दारूच्या कुंभांची खापरं निघाली आहेत. तेव्हा बैलगाडीतून भडोच, मोसमी वाऱ्यावर तांबडा समुद्र, उंटावरून नाईल, नाईलवरून अलेक्झांड्रिया, आणि तिथून मोठ्या जहाजानं नेपल्सजवळच्या पुतेओली बंदरात. शेवटी पुन्हा गाडी. यांनी ज्या खाचेत बोटं घातली होती, तिच्यातून किंवा तिच्यासारख्या एखादीतून. निघाली चिखलातल्या चाकोरीतून आणि पोचली दगडातल्या.

संध्याकाळी नेपल्समध्ये पाय उचलत नव्हते. तरी जुन्या गावाला सरळ चिरत जाणाऱ्या गल्लीतून थोडं हिंडलो. हे शहर ग्रीकांनी वसवलं, ‘नवं नगर’ म्हणून, आणि अडीच हजार वर्षं झाली तरी नाव नवंच आहे. डोक्यावर दोऱ्यांना वाळत घातलेले कपडे, कोपऱ्याकोपऱ्यावर भिंतीतल्या कोनाड्यात मेरी, पुढं दिवा आणि फुलं, शेजारी घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो. दुपारी पॉम्पेईच्या चौकात रिकामे पाहिलेले कोनाडे संध्याकाळी इथं भरलेले दिसले. चीज नको म्हणून आम्ही नुसता टोमॅटो-लसणाचा पिझ्झा घेतला, यांनी वरून पुडीतलं शेंगदाण्याचं तिखट घातलं, आणि आम्ही एका देवळाच्या पायरीवर बसून एकाच कागदात खाल्लं.

संग्रहालय दुसऱ्या दिवशी. तळमजल्यावरच्या संगमरवरी देवांपुढून आम्ही लवकर पुढं गेलो. ते भव्य आहेत, पण त्यांना आमची गरज नव्हती. वर पॉम्पेईच्या भिंतींवरून काढून आणलेली चित्रं आहेत. त्यांत एक जोडपं. ज्याला तेरेन्तियस नेओ म्हणतात तो आणि त्याची बायको. घराला लागून भट्टी होती, त्यावरून त्याला बेकरीवाला मानत आले आहेत. त्याच्या हातात गुंडाळी, तिच्या हातात मेणाच्या पाट्या, आणि लेखणीचं टोक तिनं हनुवटीशी धरलं आहे. हिशोब मनात जुळवताना धरावं तसं. ती त्याच्या मागं नाही, शेजारी आहे, किंचित पुढंच म्हणा ना. दोघंही सरळ आपल्याकडे पाहतात. कोणी त्यांना हसायला सांगितलेलं नाही.

"बाई शिकवणारी दिसते," हे म्हणाले.

आमच्या लग्नाचा एकच फोटो आहे, स्टुडिओतला. त्यात हे खुर्चीवर आणि मी मागं उभी. पुण्याहून आलेला फोटोग्राफर म्हणाला तसं.

हस्तिदंताची बाई ज्या दालनात ठेवली आहे त्याला ‘गुप्त दालन’ म्हणतात. पॉम्पेईत सापडलेल्या शृंगारिक वस्तू तिथं आहेत. पुढं राजा झालेला फ्रान्सिस १८१९ साली बायको-मुलीसह संग्रहालय बघायला आला, त्या वस्तू पाहून त्यानं त्या कुलपात घालायला लावल्या, आणि मग कधी बंद कधी उघडं असं करत ते दालन २००० साली सर्वांना खुलं झालं. आत शिरताना आम्ही दोघं थोडे अवघडलो. पण तिच्यापुढं आल्यावर माझं अवघडणं गेलं आणि राग आला. तिच्या अंगावर वस्त्र नाही, दागिने आहेत, म्हणून ती या खोलीत. आमच्या डोळ्यांना ही बाई अनोळखी नाही. कार्ल्याच्या लेण्याच्या दारात जोडपी कोरली आहेत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी; त्याच शतकांतली. त्यांच्या अंगावरही वस्त्रं नावालाच आहेत, आणि त्यांच्यामधून वाकून माणसं स्तूपाच्या दर्शनाला जातात. लेकराबाळांसह. तिथं कोणी कुलूप लावलं नाही.

ती लहान आहे, हे वाचून माहीत असूनही मी दचकले. यांनी काचेला न लावता हात आडवा-उभा धरून माप घेतलं. "एक वीत आणि वर थोडं." एक पाय दुसऱ्यावरून पुढं घेऊन ती उभी आहे, घाई नसलेल्या बाईसारखी. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, पायांत तसेच एकावर एक तोडे, कमरेला मेखला. लमाण बायका आमच्या बाजारात यायच्या त्यांचे हात असेच भरलेले असायचे. दोन्ही अंगांना दोन दासी, तिच्या कमरेलाही न पोचणाऱ्या, हातात प्रसाधनाचं सामान. मागं गेले तर पाठीवर भरघोस वेणी. डोक्यावरून आत भोक आहे. आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या छोट्या चौरंगाचा पाय. शोधून काढणाऱ्या अमेदेओ माइउरी यांना ती लक्ष्मी वाटली होती, आणि ते नाव चिकटलं. पण कमळ नाही, हत्ती नाहीत. मला ती यक्षी वाटते. किंवा नुसती एक बाई, न्हाऊन, वेणी घालून, दारात आलेली.

तिच्या खालच्या अंगाला खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर कोरलं आहे. ती लिपी वायव्येची, तक्षशिलेकडची. त्यावरून काही अभ्यासक तिला तिकडची मानतात. काही जण भोकरदन आणि तेरच्या बहिणींकडं बोट दाखवून तिला दख्खनची म्हणतात. मी इतिहासाची शिक्षिका, एका अक्षराची किंमत मला कळते. कदाचित ती आमच्याकडं घडून तिकडून फिरून गेली असेल. कदाचित कारागीरच गावोगाव फिरत असतील. पण मी तिच्या पायांकडं पाहत होते. भोकरदनच्या मातीनं त्या दुसरीचे पाय आणि दासी ठेवल्या, बाकी सगळं घेतलं. तिचा चेहरा कसा होता हे आमच्या गावात कोणालाच माहीत नाही. तो मी इथं पाहत होते.

माहेरची बाई परमुलखात भेटली तर तिची ओटी भरायची, असं आईनं शिकवलं. माझ्या पर्समध्ये हळदीकुंकवाची डबी होती आणि खारकांची पुडी. मध्ये काच होती, कोपऱ्यात पहारेकरीण. मी पर्सवर हात ठेवून उभी राहिले. काचेत माझ्याही हिरव्या बांगड्या दिसत होत्या, तिच्या हाताला लागून. हे बाजूला झाले आणि दालनाच्या दाराशी जाऊन पाठमोरे उभे राहिले, आम्हा दोघींना वेळ द्यावा तसे. किती वेळ गेला ते त्यांनी नंतर सांगितलं: पाऊण तास.

बाहेर आल्यावर पायरीवर बसून मी भावाला फोन लावला. गावाकडं संध्याकाळ झाली होती. मागं बैलाच्या घंटा आणि टीव्हीचा आवाज येत होता.

"अरे, तिला भेटले," मी म्हणाले. "आपल्या पांढरीतली, तिच्या बहिणीला. पूर्ण आहे. चेहरा आहे."

त्याला आठवायला क्षणभर लागला. तोही तेव्हा खड्ड्याच्या काठावर माझ्या बोटाला धरून उभा असायचा, पाच वर्षांचा.

"कशी है?" त्यानं विचारलं.

मी सांगू लागले, वेणी, बांगड्या, पुढं घेतलेला पाय, आणि मध्येच माझा आवाज गेला. यांनी फोन घेतला. पलीकडून भाऊ मोठ्यानं बोलत होता, मलाही ऐकू येत होतं. "भाऊजी, इकडं रोज पडू राह्यला. सोयाबीन सोंगून ठेवलं अन्‌ भिजलं. तिकडं कसं है? तिकडं उघडलं का?"

हे उठून उभे राहिले. हातानं डोळ्यांवर आडोसा धरून त्यांनी गल्लीच्या टोकापलीकडं, समुद्राच्या बाजूला आभाळ पाहिलं, रोज संध्याकाळी धरणाच्या भिंतीवरून बघायचे तसं.

"उघडलंय," हे म्हणाले. "वारा तुमच्याकडचा आहे."